न्हाणीघराचा जीर्णोद्धार

दिवाळी तोंडावर आली, की मध्यमवर्गीय घराला आपल्या चेहऱ्याची आठवण होते. बैठकीच्या खोलीला रंग लागतो, पडदे बदलतात, कपाटावरची धूळ उतरते, दारावर नवे तोरण चढते. पाहुण्यांची नजर जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत घर उजळते. आणि ती जिथे थांबते, तिथे आपला उत्साहही थांबतो. न्हाणीघर ह्या सीमेच्या पलीकडे पडते. वस्तुतः नरक चतुर्दशीची पहाट उगवते ती तिथेच. तेल, उटणे, कढत पाणी, चिरडलेले कारीट, बाहेर पहिल्या फटाक्याचा आवाज, हे सगळे वैभव ज्या खोलीत आपण वर्षानुवर्षे अनुभवतो, तिच्या भिंतीचे पोपडे आणि कोपऱ्यातले शेवाळ मात्र आपल्याला कधी दिसत नाही.

गेल्या दिवाळीला ह्या सदरातून आपण जुन्या पुस्तकांच्या डागडुजीविषयी बोललो होतो. यंदाचा विषय त्याहून ओला आहे. गेल्या मे महिन्यात लातूरच्या आमच्या जुन्या घराचे न्हाणीघर मी स्वतःच्या हातांनी आणि २५,००० रुपयांच्या आत नव्याने उभे केले. त्याची ही हकीगत. हकीगत सांगताना थोडा व्यवहार सांगेन, थोडी भाषा सांगेन. मराठीच्या मास्तराला दुसरे करमत नाही.

आधी भाषेचेच घ्या. संस्कृतातल्या ‘स्नाना’पासून आपले ‘न्हाणे’ आले आणि न्हाणे जिथे होते ती न्हाणी. पण ह्या न्हाणीत पाऊल टाकले, की संस्कृताची सद्दी संपते. पायाखालची फरशी अरबी, कोपऱ्यातला हौद अरबी, भिंतीचा गिलावा फारसी आणि हातातली बादली पोर्तुगीज! सहा बाय पाच फुटांच्या खोलीत एवढे देश गुण्यागोविंदाने नांदतात. आमच्या मराठवाड्यात तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानाचा अंमल. त्यामुळे जुनी माणसे ह्याच खोलीला ‘गुसलखाना’ही म्हणत.

मात्र ह्या देवघेवीत आपण केवळ घेतलेच, असे समजू नका. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन जमिनीतल्या जाळीखाली बसवायचे पाणी अडवणारे भांडे मागितले, तर दुकानदार विचारतो, “नहाणी ट्रॅप का?” आपली न्हाणी आणि गुजरातीतली तिची बहीण एका इंग्रजी शब्दाचा हात धरून थेट अंदाजपत्रकांत जाऊन बसली आहे. ज्या इंजिनिअराला मराठीचे अक्षर येत नाही, तोही आपल्या यादीत ‘नहाणी ट्रॅप, नग एक’ असे लिहितो. पदव्युत्तर वर्गाला शब्दांचे प्रवास शिकवताना मी इतकी वर्षे ग्रंथांतली उदाहरणे देत आलो. हे उदाहरण काउंटरवर पडलेले होते.

आता घराविषयी. मी नोकरीसाठी नांदेडला राहतो आणि आई लातूरला, वाड्याच्या आमच्या वाटणीला आलेल्या तीन खोल्यांत. दोन गावांमध्ये एस.टी.चा तीन-साडेतीन तासांचा प्रवास आहे. घर जुन्या मराठवाडी पद्धतीचे: दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद, मागे परस आणि परसाला लागून न्हाणी. न्हाणीच्या दोन भिंती मूळ वाड्याच्या, दगडाच्या. दोन मागाहून घातलेल्या, नऊ इंची विटांच्या. खाली शहाबादी फरशी, झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली, आणि पाणी जाण्यासाठी कोपऱ्यात भिंतीला एक भोक.

मागच्या श्रावणात आई त्या फरशीवर घसरली. मनगटावर निभावले. प्लॅस्टर घालताना डॉक्टर म्हणाले, “ह्या वेळी मनगट आहे. पुढच्या वेळी खुबा असेल. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खुबा म्हणजे साधे दुखणे नसते.” घरी आल्यावर सौभाग्यवतींनी सरळ विषय काढला, “आत्याबाई, आता नांदेडला चला. तिथं आम्ही आहोत सगळे.” आईने उत्तर दिले नाही. संध्याकाळी मात्र मला एकट्याला गाठून म्हणाली, “अरे बाबा, तुमच्या दोन खोल्यांत मी कुठं बसू? हितं माझी तुळस हाय, शेजार हाय. पडले तर पडले.”

‘पडले तर पडले’ हे वाक्य लेकाला झोपू देत नाही. तिचे म्हणणे खोटे नव्हते, डॉक्टरांचेही नव्हते. त्या दोन्हींच्या मध्ये एक ओली, गुळगुळीत फरशी होती. म्हणजे आईने आपल्या घरी राहायचे की नाही, ह्याचा निकाल तिच्या वयाने किंवा माझ्या इच्छेने लागणार नव्हता. तो न्हाणीघराने लागणार होता.

एका ठेकेदाराला बोलावले. त्याने खोली न्याहाळली, टेप लावली आणि ९५,००० रुपयांचा आकडा सांगितला. त्यात छतापर्यंत चकचकीत टाइल्स, शॉवर, आरसा, बेसिन, सर्व काही होते. मी तासिका तत्त्वावरचा अध्यापक. जितके तास शिकवावे तितक्यांचे मानधन; आणि मे महिन्यात वर्गच नाहीत, म्हणून मानधनही नाही. त्यातून धाकटीच्या शिकवणीची फी नुकतीच भरलेली. लातूरच्या शिकवण्या नामांकित आहेत, तशा त्यांच्या फीयाही. सारांश, उन्हाळ्यात माझ्याजवळ वेळ मुबलक असतो आणि पैसा बेताचा. ज्याच्यापाशी जे असेल ते त्याने खर्चावे, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा मानून मी वेळ खर्चायचे ठरवले.

काम सुरू करण्यापूर्वी आठ दिवस मी फक्त विचार केला आणि ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रीचाचांना घर दाखवले. चाचांनी भिंत ठोकून पाहिली, फरशीवर तांब्याभर पाणी ओतले आणि ते कुठे जाते ते पाहत उकिडवे बसले. मग म्हणाले, “सर, पाणी कुणाचं ऐकत नाही. त्याला वाट द्यायची, नाहीतर ते आपली वाट लावतं.” असा पाठ व्याख्यानमालांतून क्वचितच मिळतो. तीन दिवसांच्या मजुरीवर चाचांनी अवघड तेवढे करायचे आणि बाकीचे मी, असा करार झाला.

पाण्याचा विचार लातूरकराला नव्याने शिकवावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी उसळू नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. त्या वर्षी १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून १० वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरच्या स्थानकात आली, तेव्हा आख्खा देश आमच्याकडे पाहत होता. ज्या गावाने आगगाडीतून आलेल्या पाण्याने हात धुतले, तिथे शॉवर लावणे मला जरा उद्धटपणाचे वाटले. १५ लिटरची एक बादली आणि तांब्या, एवढ्यात माणूस स्वच्छ होतो. शॉवर गेला, त्याच्या नळ्या गेल्या, त्यांच्यासाठी भिंती फोडणे गेले. ठेकेदाराच्या आकड्यातला मोठा तुकडा असा एका दमात कमी झाला.

भिंती न फोडण्याला आणखी एक कारण होते आणि ते पाण्याइतकेच गंभीर होते. लातूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसे गेली; आणि त्यांतली बहुतेक आमच्या घरासारख्याच घरांखाली गेली. अशी भिंत दिसायला एक असली तरी असते दोन: बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती-दगडांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले, किंवा मधल्या मातीत वर्षानुवर्षे पाणी मुरले, की थर एकमेकांपासून सुटतात. भिंतीला पोट येते. धक्का बसला, की ते पोट फुटते. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आणि त्याशिवाय हजारो घरमालकांनी सरकारी मदतीने, गवंड्यांना शिकवून घेऊन, आपली घरे आपणच दुरुस्त व बळकट केली. त्या कामांत आरपार दगड बसवण्यावर भर होता. स्वतःच्या घराची डागडुजी स्वतः करण्याची मोठी शाळा आमच्याच जिल्ह्यात भरून गेली आहे, हे आपण विसरतो.

तेव्हा मी दोन नियम केले. जुन्या भिंतीतला एकही दगड काढायचा नाही, आणि ह्यापुढे त्या भिंतीला एक थेंब पाणी लागू द्यायचे नाही. पुष्कळ जण मातीच्या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा चढवून त्यावर टाइल्स चिकटवतात. सिमेंट आतला ओलावा कोंडते, माती भुसभुशीत होते आणि दोनतीन वर्षांत टाइल्ससकट सगळे फुगून येते. म्हणून दगडी भिंतींच्या आत, बोटभर फट ठेवून, चार फूट उंचीची विटांची स्वतंत्र भिंत उभी केली. विटा विकत आणल्या नाहीत. परसातल्या पडक्या कुंपणाच्या दोनशेवर विटा माझ्या मुलाने आणि मी तासून, धुऊन घेतल्या. टाइल्स ह्या नव्या भिंतीवर लागल्या. वरच्या भागाला चुन्याचा हात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

खणायला लागलो तसे हत्यारांचे शब्द हाती येऊ लागले. टिकाव, पहार, घमेले, थापी, छिन्नी. काटकोन पाहायचा तो गुण्या, उभी रेषा पाहायचा तो ओळंबा, आडवी पाहायची ती पाणसळ. सिमेंट-वाळूच्या मिश्रणाला गवंडी नुसते ‘माल’ म्हणतात. आणि दोन दगडांमधली फट म्हणजे ‘दर्जा’! वर्गात वाङ्मयाच्या दर्जाविषयी मी पुष्कळ बोललो आहे. दर्जा नीट भरला नाही तर पाणी मुरते, हे चाचांनी थापीच्या टोकाने दाखवले, आणि समीक्षेलाही ते लागू पडेल असे मला वाटून गेले.

ह्या कामाचा जीव जमिनीत असतो. जुनी फरशी उचलली, खालची भिजलेली माती दीड फूट काढली, मुरूम भरून धुमसाने ठोकला, त्यावर सिमेंट, वाळू आणि खडीचा थर दिला. त्या थराआधी नहाणी ट्रॅप आणि तीन इंची नळ बसवला. ट्रॅपच्या तळाशी नेहमी पाणी राहते. ते निदान ५० मिलिमीटर उंच हवे, म्हणजे गटाराची दुर्गंधी आणि झुरळे त्या पाण्यालाच अडतात. खोली वापरात नसली, की ते पाणी वाळते. बंद घरात शिरताना जो वास येतो त्याचे कारण बहुधा हेच, आणि उपाय तांब्याभर पाणी.

मग ढाळ. चाचांच्या तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस ह्यात गेला. “फुटाला पाव इंच,” हा त्यांचा मंत्र. एवढा उतार पायाला जाणवत नाही, पण पाण्याला पुरतो. त्याहून कमी दिला तर पाणी साचते, साचले तर शेवाळ धरते, आणि शेवाळाचे पुढे काय होते ते आमच्या घराने पाहिले होते. चारी भिंतींकडून जाळीकडे दोऱ्या ताणल्या, दोरीबरहुकूम विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, वर पाणी अडवणारे द्रव्य मिसळलेला माल. दुसऱ्या दिवशी माल घट्ट झाल्यावर जाळीचे तोंड चिंधीने बंद करून खोलीत दोन इंच पाणी कोंडले आणि पातळीची खडूने खूण केली. चोवीस तासांनी खूण जवळजवळ जागेवर होती. लगेच फरशी बसवायची घाई न करता हा एक दिवस द्यावा. नंतर गळती शोधायची तर सगळे पुन्हा उखडावे लागते.

फरशीसाठी मोरबीच्या टाइल्स पाहून आलो. सुंदर होत्या; पण मला सुंदर नको होती, खडबडीत हवी होती. तोवर चाचांनी उचललेल्या शहाबादी फरशा उलट्या करून ठेवल्या होत्या. वरची बाजू पायांनी घासून आरसा झालेली, खालची मात्र खाणीतून निघाली तशी खरखरीत. “हीच बसवू की सर. अजून पन्नास वर्षं जाईल,” ते म्हणाले. शहाबाद आज कर्नाटकात, पण संस्थानी काळापासून आमच्याकडची घरे त्याच दगडावर उभी आहेत. छिन्नीने उंचवटे तासले, काठ सरळ केले आणि आजोबांच्या वेळच्या त्याच फरशा पाठ फिरवून पुन्हा कामावर रुजू झाल्या. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. शहाबादी हा चुनखडक आहे. बाजारातले ॲसिड त्यावर ओतले, की तो फसफसतो आणि झिजतो. तिला साबण, कुंचा आणि थोडी मेहनत पुरते.

सिमेंटच्या कामाला आठवडाभर तरी पाणी मारावे लागते, आणि मे महिन्यातल्या लातुरात तेच सर्वांत महाग. ओली गोणपाटे पसरून ठेवली, म्हणजे कमी पाण्यात भागते. त्या गोणपाटांवर शिंपडायला भांडी विसळलेले पाणी आई स्वतः बादलीत साठवून देई. त्या दिवसांत तिने एकदाच टीका केली. दारात उभी राहून माझ्या सिमेंटने भरलेल्या हातांकडे पाहत म्हणाली, “काय करायलास रे हे? लेकरं शिकवायची सोडून गवंडी झालास का काय!” स्वरात रागापेक्षा कौतुकच जास्त होते, पण गल्लीतल्या दोघातिघांनी हाच प्रश्न कौतुकाशिवाय विचारला. हाताने काम करणाऱ्याची पायरी खालची, हा आपल्या समाजाचा जुना समज आहे. पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांमध्ये आणून ठेवणे किती अवघड असते, हे एकदा करून पाहिले, की तो समज आपोआप गळतो.

आता पाणी बाहेर गेल्यानंतरची गोष्ट. पूर्वी ते भिंतीच्या भोकातून परसात पडे, तिथे अळू आणि केळ वाढे. पुढे परस आक्रसले, पाणी भिंतीच्या पायातच मुरू लागले आणि डास झाले. ह्याचा उपाय मी नांदेडकडून आणला. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघर शोषखड्डे खणले, सांडपाणी जमिनीत जिरवले, उघडी गटारे बंद केली आणि त्यांबरोबर डासही घालवले. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी हा कित्ता गिरवला. त्याला आता ‘मॅजिक पिट’ म्हणतात. जादू मात्र त्यात काही नाही. चार फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोके. भोवती दगड-विटांचे तुकडे. पाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत जाते. अधूनमधून टाकीतला गाळ उपसला, की झाले.

लातूरची जमीन काळी. ती पाणी पिऊन फुगते आणि सहसा पुढे जाऊ देत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. आम्हाला तो साडेचार फुटांवर लागला. खड्डा भिंतीपासून आणि बोअरपासून लांब, परसाच्या टोकाला घेतला. त्यात फक्त न्हाणीचे पाणी सोडले आहे. संडासाची वाट निराळी. खड्ड्याशेजारी आईने केळीचे एक मुनवे लावले आहे.

वृद्ध माणसासाठी आणखी चार गोष्टी केल्या. चारही स्वस्त आहेत आणि चारही सहसा कुणाला सुचत नाहीत. दार बाहेर उघडते; आत कुणी पडले तर दार आडवे येत नाही. कडी अशी, की बाहेरूनही काढता येते. बसून उठताना धरायला विटांच्या पक्क्या भिंतीत कमरेच्या उंचीला दोन लोखंडी दांडे बसवले. त्यांवर माझा सगळा भार टाकून मी ते पारखले. आणि पाटाऐवजी पाय न घसरणारी उंच बैठक ठेवली. उंबराही उतरवून बोटभर केला.

विजेचे काम मात्र मी केले नाही, कुणीही स्वतः करू नये. पाणी तापवायला आमच्याकडे बंब गेला आणि बादलीत सोडायची विजेची सळई आली. ओले हात आणि ती सळई ही जोडी फार वाईट. परवानाधारक वायरमन बोलावून जमिनीत नवे अर्थिंग घेतले आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच बसवला. विजेचा एवढासा प्रवाहही भलत्या वाटेने जाऊ लागला, की तो डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडतो. सॉकेट न्हाणीच्या बाहेर ठेवले. पाणी बाहेर तापवावे, सळई काढून ठेवावी आणि मगच बादली आत न्यावी, असा आता घराचा नियम आहे.

वाचकांना हिशेब हवा असतो, मला ठाऊक आहे. आठ पोती सिमेंट २,९६०, वाळू, खडी, मुरूम वाहतुकीसह २,८००, नळ, ट्रॅप, जोडण्या १,८५०, पाणी अडवण्याचे द्रव्य ९००, उरल्यासुरल्या मालातल्या ८० चौरस फूट टाइल्स २,०८०, तोटी व तिचे सामान १,१००, प्लॅस्टिकचे दार २,७००, दांडे १,३००, बैठक ६५०, विजेचे काम ३,६००, चाचांचे तीन दिवस ३,०००, खड्ड्याची खोदाई १,२००. एकूण २४,१४० रुपये. ८६० रुपये उरले, त्यांत चुना आणि कुंचले आले. मजुरीचे दर आणि मालाचे भाव गावागावांत वेगळे असतील. तथापि आकड्यांचा कल सगळीकडे तोच राहील, असे मी समजतो. ह्यांतल्या डोळ्यांत भरणाऱ्या वस्तू कोणत्या? टाइल्स, तोटी, दार. त्यांचे झाले ५,८८०. बाकीचे अठरा हजारांवर रुपये जमिनीखाली, भिंतीआड आणि तारांमध्ये गेले. न्हाणीघर पाहायला आलेल्या एका नातेवाइकाने विचारलेही, “एवढा महिना घालवून दिसत तर काही नाही!” मला ती पावतीच वाटली.

बेताच्या पैशात घर दुरुस्त करणाऱ्याने म्हणून एक क्रम ठरवावा. आधी पाण्याची वाट, मग भिंतीचे रक्षण, मग पायाची पकड, मग विजेची सुरक्षा. आरसा, रंग, नक्षी ह्यांचा नंबर त्यानंतर. पैसे संपले तर शेवटच्या गोष्टी पुढल्या वर्षावर टाकता येतात. उलट क्रमाने गेलेल्या माणसाला नक्षी मिळते आणि तीन पावसाळ्यांत ती उखडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

श्रावण येऊन गेला. आई लातूरलाच आहे. रोज सकाळी शेजारच्या वहिनी हाक मारून जातात, मी दर शनिवारी जातो. सौभाग्यवतींनी नांदेडचा विषय काढणे सोडले आहे. आणि आईने, दांडा धरून उठायला आपल्याला मुळीच आवडत नाही असे सांगता सांगता, तो धरायला सुरुवात केली आहे. दांड्याचा मधला भाग आता हातांनी चकचकीत होऊ लागला आहे, त्यावरून कळते.

ह्या दिवाळीत आपल्याही घरी अभ्यंगस्नाने होतील. फराळाची ताटे आवरली, पाहुणे पांगले, की दुपारी जरा न्हाणीत जा. आधी तिच्या दाराला बाहेरून उघडणारी कडी आहे ना, ते पाहा. मग कोरड्या फरशीवर एक तांब्या पाणी ओता आणि उकिडवे बसून ते कुठे जाते, कुठे थांबते, कुठल्या भिंतीला जाऊन टेकते ते बघा. अर्धा तास लागेल. घरात म्हातारे माणूस असेल, तर हा अर्धा तास पाडव्यापर्यंतसुद्धा लांबणीवर टाकू नका.